पंधरा वर्षांची अट : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील भांडवल, अस्मिता आणि कामगाराचे स्थलांतर

बीदर तालुक्यातील जनवाडा आणि त्याच्या भोवतालचा औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण ते आळंद हा पट्टा १९४८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातून भारतीय संघराज्यात आला, १९५६ मध्ये म्हैसूर राज्याला जोडला गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव बदलल्यावर कर्नाटकाचा भाग म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि तेलुगू या भाषा येथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात, आणि एका घरातील माणसे घरात एक, शेतात दुसरी व कचेरीत तिसरी भाषा सहज वापरतात. राज्यकर्ते बदलले, कारभाराची भाषा बदलली, चलनही बदलले. परंतु या भूमीवरच्या नोकरीवर हक्क कोणाचा, हा एक प्रश्न प्रत्येक राजवटीत नव्याने विचारला गेला. त्याचे उत्तर देताना सत्तेने वास्तव्याची अट पुढे केली, आणि १९१९ च्या निजामी नियमांपासून २०२४ च्या कर्नाटक विधेयकापर्यंत ती अट बहुधा पंधरा वर्षांचीच राहिली. याच काळात लंडनची रेल्वे कंपनी, मुंबईचे उद्योगसमूह आणि स्वित्झर्लंडची सिमेंट कंपनी या प्रदेशात आल्या, त्यांनी येथे नफा मिळवला आणि काहींनी आपला हिस्सा विकून निरोपही घेतला. त्यांच्याकडे मात्र वास्तव्याचा दाखला कोणी मागितला नाही. भांडवलाला मोकळी आणि कामगाराला अडलेली अशा या दोन वाटा एकाच प्रदेशात कशा घडत गेल्या, याचा इतिहास येथे मांडला आहे.

सवलतींचे राज्य

मुंबईहून मद्रासकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८७१ पर्यंत सोलापूर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), शहाबाद आणि वाडी ओलांडून रायचूरला पोचला. १८७४ मध्ये वाडीपासून सिकंदराबादपर्यंतची निजाम संस्थानची रेल्वे सुरू झाली आणि वाडी हे कलबुर्गी परिसरातील छोटे ठिकाण दोन राजवटींना जोडणारे जंक्शन बनले. ही रेल्वे संस्थानच्या पैशातून उभी राहिली होती. तरी १८८३ मध्ये तिचा विस्तार करण्यासाठी लंडनमध्ये ‘निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली आणि संस्थानाने तिच्या भागधारकांना वीस वर्षे पाच टक्के परताव्याची हमी दिली. हमी याचा अर्थ असा की रेल्वे तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाला ठरलेले व्याज मिळणार होते आणि तुटीचा भार अखेर संस्थानच्या रयतेने भरलेल्या महसुलावर पडणार होता.

या करारावरून हैदराबादेत जो वाद उठला तो ‘चांदा रेल्वे प्रकरण’ या नावाने ओळखला जातो, आणि संस्थानातील आधुनिक लोकमताचा तो पहिला ठळक आविष्कार मानला जातो. कराराच्या अटी लोकांपुढे मांडाव्यात, एवढीच सुशिक्षितांची मागणी होती. तिच्या अग्रभागी अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. ते हैदराबादेतील शिक्षणाचे एक संस्थापक आणि सरोजिनी नायडू यांचे वडील. १८८३ मध्ये दरबाराने त्यांना नोकरीतून दूर करून संस्थानाबाहेर घालवले. ते जन्माने बंगाली होते, त्यामुळे संस्थानच्या परिभाषेत परके ठरत होते. परंतु ते रयतेच्या पैशाचा हिशेब मागत होते, तर ज्या कंपनीसाठी त्यांना हद्दपार व्हावे लागले तिचे भागधारक सातासमुद्रापलीकडे बसले होते. परका कोण आणि आपला कोण, हे ठरवताना सत्ता कोणत्या बाजूने विचार करते याचे हे सुरुवातीचेच उदाहरण पुढच्या इतिहासाचा अर्थ लावायला उपयोगी पडते.

तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, संस्थानातील खनिजांची ९९ वर्षांची मक्तेदारी वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज व्यावसायिकांना देण्यात आली. त्यांनी लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी केली, तिच्या भागभांडवलाचा फार मोठा हिस्सा रोख न भरता स्वतःकडे ठेवला आणि त्यातलेच काही भाग चढ्या भावाने निजाम सरकारच्याच गळ्यात मारले. या व्यवहाराची चौकशी करण्यासाठी १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला समिती नेमावी लागली, आणि त्यात गुंतलेला संस्थानचा अधिकारी अब्दुल हक याला पदावरून दूर व्हावे लागले. मक्तेदारी मात्र टिकली, आणि तिच्यातूनच पुढे सिंगरेणीच्या कोळसा खाणी वाढल्या.

मुल्की आणि गैरमुल्की

ज्या राजवटीने भांडवलाला अशा सवलती दिल्या, तिनेच नोकरीच्या दाराशी एक कडक नियम उभा केला. पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ या आपल्या दिवाणगिरीत कारभाराची नवी घडी बसवताना उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाल्यावर त्यांचे वजन आणखी वाढले. संस्थानातील जुनी घराणी आणि नव्याने शिकू लागलेले तरुण यांना आपल्याच घरात आपण उपरे झाल्याची भावना सलू लागली. या असंतोषाला उत्तर म्हणून १९१९ मध्ये सातव्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या, काळात ‘मुल्की नियम’ अमलात आले. मुल्की म्हणजे मुलखातला, या देशीचा. जो मुल्की नाही तो गैरमुल्की. निजामाच्या खास परवानगीवाचून गैरमुल्कीला सरकारी सेवेत घेऊ नये, असा नियम होता. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे असेल तर संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केल्याचे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे शपथेवर सांगावे लागे.

या नियमामागची वेदना खरी होती. मागास प्रदेशातील पहिली शिकलेली पिढी परीक्षेला बसते तेव्हा दीर्घ शैक्षणिक परंपरा असलेल्या प्रांतातील उमेदवार तिला सहज मागे टाकतो, आणि स्पर्धा वरवर खुली दिसत असली तरी तिचा निकाल आधीच लागलेला असतो. १९३० च्या दशकात ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ या भूमिकेतून जी मुल्की चळवळ उभी राहिली तिच्यात हिंदू आणि मुसलमान दोघेही होते, यावरूनही ही तक्रार एका जमातीची नव्हती हे स्पष्ट होते.

तरीही मुल्की नियमांची मर्यादा त्यांच्या कक्षेतच होती. त्यांनी कचेरीतली खुर्ची राखली. शेतातल्या, खाणीतल्या आणि गिरणीतल्या माणसाला त्यांचा काहीच आधार नव्हता. त्याच संस्थानात ‘भगेला’ पद्धत चालत होती, म्हणजे कर्जाच्या बदल्यात कुळाने किंवा मजुराने सावकाराकडे वा जमीनदाराकडे राबावे आणि कर्ज फिटेपर्यंत त्याला सोडून जाऊ नये. तिला आळा घालण्यासाठी निजाम सरकारला १९३६ मध्ये भगेला करारांविषयी नियमावली करावी लागली, तरी व्यवहारात ही बांधिलकी पुढेही सुरू राहिली. एका बाजूला बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून शपथपत्र, आणि दुसऱ्या बाजूला आतल्या गरिबाने मालक सोडून जाऊ नये म्हणून कर्जाचे कागद, अशा दुहेरी कुंपणात संस्थानातला श्रमिक उभा होता.

ते कुंपण ओलांडून जाणारे मजूर सोलापूरची वाट धरीत. सोलापुरात १८७७ मध्ये सुरू झालेली कापड गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, आणि तिच्या मागोमाग निघालेल्या गिरण्या यांनी निजामी मुलखातील मराठी, कन्नड आणि तेलुगू माणसांना रोजगार दिला. तेलंगणातील पद्मशाली विणकरांनी तर त्या शहराला हातमागाचे नवे वैभव दिले. गुलबर्ग्यात महबूबशाही मिल होती, पण खालसा मुलखातला, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालील प्रदेशातला, पगार ‘कलदार’ रुपयांत मिळे. संस्थानचा ‘हाली शिक्का’ निराळा होता आणि सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव चाले. सोलापूरहून गावी परतणाऱ्या मजुराला हद्दीवर ‘करोडगिरी’च्या, म्हणजे जकात खात्याच्या, नाक्यावर गाठोडे उघडून दाखवावे लागे. तरी सोलापूरच्या गिरणीत निजामाच्या रयतेला कोणी वास्तव्याचा दाखला विचारत नव्हते, आणि या सीमाभागातील कामगारवर्ग घडण्यात या मोकळिकीचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्य, हिंसा आणि नवी हद्द

या प्रदेशातील राष्ट्रीय चळवळीचे सर्वांत मोठे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे कामगार चळवळीतूनच आले होते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेण्यापूर्वी ज्येष्ठ कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते. पुढे हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शाळांतून त्यांनी संस्थानातील तरुणांची एक पिढी घडवली आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. कन्नड मुलखात जन्मलेला हा पुरुष मराठवाड्याचा नेता झाला, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेला. ज्या माणसाला दोन भाषांच्या प्रदेशांनी आपला मानले, त्याच्या राष्ट्रकल्पनेत जन्मस्थानाच्या दाखल्याला जागा नव्हती.

१९४८ मध्ये मात्र या भागातील माणसे नोकरीसाठी नव्हे, तर जीव वाचवण्यासाठी गाव सोडत होती. निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांमुळे बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. बसवकल्याणजवळील गोरटा येथील हत्याकांड आजही त्या भागाच्या स्मृतीत ताजे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने केलेल्या पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उलट दिशेने आली आणि मुसलमानांच्या हत्या झाल्या. चौकशीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले. वाचलेली अनेक कुटुंबे हैदराबाद शहराच्या आश्रयाला गेली. भालकी तालुक्यातील वरवट्टी येथे १९४२ मध्ये जन्मलेले काँग्रेस नेते मल्लिकार्जुन खर्गे यांचे कुटुंब याच काळातील हिंसेने विस्थापित होऊन गुलबर्ग्याला आले. तेच खर्गे १९६९ मध्ये महबूबशाही मिलच्या, म्हणजे एमएसके मिलच्या, कामगार संघटनेचे कायदेविषयक सल्लागार झाले. निर्वासिताला कामगार करणारी आणि कामगाराला नागरिक करणारी शहरे अशी असतात.

भारताचे संविधान घडत असताना हाच प्रश्न घटनासमितीपुढे आला. नागरिकत्व एकच असेल तर नोकरीसाठी प्रांताच्या वास्तव्याची अट कशी असू शकेल, असा आक्षेप होता. दुसऱ्या बाजूला मागास प्रांतांची भीती होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्या दुरुस्तीने आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पाठिंब्याने असा मधला मार्ग निघाला की अशी अट घालावयाची झाल्यास ती राज्याने आपल्या मर्जीने न घालता संसदेने कायद्याने घालावी. अनुच्छेद १६ (३) मध्ये ही तरतूद आहे, आणि अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचा, कोठेही राहण्याचा व कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. १९५५ मध्ये फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगानेही वास्तव्याच्या अटी समान नागरिकत्वाशी विसंगत असल्याचे मत मांडले आणि संसदेने १९५७ मध्ये त्या रद्द करणारा कायदा केला.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात गेले. आयोगाने सबंध बीदर जिल्हा उर्वरित हैदराबाद राज्यात ठेवण्याची शिफारस केली होती, ती मागे पडली. जनवाड्याच्या शेतमजुराच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला की काल ज्या उदगीरच्या बाजारात तो आपल्याच जिल्ह्यातला होता तेथे आज तो परराज्यातला ठरला, आणि ज्या राज्याचा तो नागरिक झाला त्याची राजधानी सुमारे सातशे किलोमीटर दूर राहिली. महाराष्ट्राने या भागातील मराठी गावांवर हक्क सांगितला, १९६७ मध्ये या वादावरील महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

या विभाजनाचा एक परिणाम रोजगाराच्या कायद्यावरही झाला. आंध्र प्रदेशात सामील झालेल्या तेलंगणासाठी १९५७ च्या कायद्यात अपवाद ठेवला गेला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद घटनाबाह्य ठरवला, ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम टिकून असल्याचा निर्णय दिला, त्यावरून आंध्रात उग्र आंदोलन झाले आणि अखेर १९७३ मध्ये अनुच्छेद ३७१ (डी) ने तेथील स्थानिकांना घटनात्मक संरक्षण मिळाले. जहीराबादला जे मिळाले ते काही मैलांवरील बीदरला मिळाले नाही, कारण मध्ये एक नवी हद्द उभी होती.

फरशी, सिमेंट आणि उचल

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या पडव्यांतून आणि शाळांच्या वऱ्हांड्यांतून जी करडी शहाबादी फरशी दिसते ती कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडीच्या थरांतून येते, आणि हीच चुनखडी सिमेंटचा कच्चा माल आहे. शहाबादच्या सिमेंट कारखान्याची कंपनी १९३६ मध्ये एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज, या विलीनीकरणात सामील झाली, ज्यात टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या समूहांच्या दहा कंपन्या एकत्र आल्या. १९६८ मध्ये एसीसीने वाडी येथे मोठा कारखाना उभारला. मळखेड आणि सेडम येथेही सिमेंटचे कारखाने निघाले. आर्थिक उदारीकरणानंतर २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीने एसीसीमध्ये प्रवेश केला, २०१५ मध्ये ती फ्रान्सच्या लाफार्जशी एकत्र झाली, आणि २०२२ मध्ये तिने भारतातील आपला सिमेंट व्यवसाय अदानी समूहाला विकला. जमीन, चुनखडी आणि धूळ येथेच राहिली. मालकी मात्र मुंबईहून स्वित्झर्लंडकडे गेली आणि तेथून अहमदाबादकडे वळली.

कारखाने आले तरी या भागाचे स्थलांतर थांबले नाही, कारण सिमेंट हा यंत्रप्रधान उद्योग आहे आणि त्यातील बरीचशी कामे कंत्राटदारांमार्फत चालतात. १९७२ च्या दुष्काळानंतर बीदर आणि कलबुर्गीच्या कोरडवाहू गावांतून पुणे, मुंबई आणि हैदराबादच्या बांधकामांकडे जाणारा ओघ वाढत गेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, पावसाळ्यातच ‘उचल’ देतो; ही आगाऊ रक्कम फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी, जिला हिशेबात एक ‘कोयता’ म्हणतात, त्याला बांधलेली राहते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली, परंतु उचल आणि भगेला यांतील नाते ओळखू न येण्याइतके बदललेले नाही, आणि मजुराला काम सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर काम शोधायला जाण्याचे स्वातंत्र्य अर्धेच उरते.

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आणि बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर गोळा होतो आणि त्यातून कल्याण मंडळांमार्फत योजना चालतात. पण ही मंडळे राज्यवार आहेत. औरादचा गवंडी पुण्यात इमारत बांधतो तेव्हा तिच्यावरचा उपकर महाराष्ट्राच्या मंडळात जमा होतो, आणि त्याची नोंदणी तेथे झालेली नसेल तर त्याला त्यातून काही मिळत नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय मजुरांना घरी नेणाऱ्या रेल्वेगाड्या कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांबरोबरच्या बैठकीनंतर थांबवल्या, आणि देशभर टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो निर्णय मागे घेतला. निर्णय मागे घेतला गेला हे चांगलेच झाले. परंतु एरवी ज्यांना परके म्हटले जाते त्यांनाच, उद्योगाला त्यांची गरज भासताच, परत जाऊ न देण्याचा विचार सत्तेच्या मनात येऊ शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आखाताची वाट

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि हैदराबाद शहरातून, तसेच बीदर-गुलबर्ग्यातून, आखाती देशांकडे जाणारी वाट रुंदावली. सौदी अरेबियातील तेलाचा उद्योगही सवलतीतूनच जन्मला होता; १९३३ मध्ये तेथील राजाने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला तेलाचे हक्क दिले, आणि त्यातून पुढे अरामको ही जगातील सर्वांत बलाढ्य तेल कंपनी उभी राहिली. जे कामगार या समृद्धीचे रस्ते, शुद्धीकरण कारखाने आणि वसाहती बांधायला गेले त्यांच्यावर ‘कफाला’ पद्धत लागू झाली. कफील म्हणजे हमीदार. परदेशी कामगाराचे वास्तव्य त्या मालकाच्या हमीवर अवलंबून असते, आणि त्याच्या संमतीवाचून कामगाराला नोकरी बदलता येत नसे, कित्येक देशांत तर देश सोडताही येत नसे. भारतानेही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने कमी शिकलेल्यांच्या पारपत्रावर विशेष परवानगीची अट घातली. हेतू फसवणूक टाळण्याचा होता, तरी परिणामी गरिबाचे पारपत्र आणि शिकलेल्याचे पारपत्र अशा दोन प्रती निघाल्या.

२०११ मध्ये सौदी अरेबियाने ‘निताकत’ धोरण आणले. खाजगी कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात सौदी नागरिक नेमलेच पाहिजेत, असे ते धोरण होते आणि त्यामुळे अनेक भारतीयांना परतावे लागले. निजामाच्या मुलखात जे मुल्की होते त्यांची नातवंडे आता परक्या भूमीवर गैरमुल्की ठरत होती. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची काही प्रमाणात मुभा दिली, आणि तरीही त्या देशांतील उद्योग बंद पडले नाहीत. कामगार मोकळा झाला तर अर्थव्यवस्था कोसळते, हा युक्तिवाद या अनुभवासमोर टिकत नाही.

३७१ (जे) पासून २०२४ पर्यंत

बीदर-कलबुर्गीत नेते वैजनाथ पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या तेलंगणासारख्या विशेष दर्जासाठी दीर्घ लढा दिला. २०१२ मध्ये संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि अनुच्छेद ३७१ (जे) अस्तित्वात आला. त्यानुसार हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे कर्नाटकात आलेल्या निजामी मुलखातील, जिल्ह्यांना स्वतंत्र विकास मंडळ, शिक्षणात राखीव जागा आणि प्रदेशातील सरकारी नोकऱ्यांत मोठे आरक्षण मिळाले. येथे जन्मलेला किंवा दहा वर्षे राहिलेला उमेदवार स्थानिक ठरतो, मग त्याची मातृभाषा मराठी असो, कन्नड असो की उर्दू. २०१९ मध्ये या प्रदेशाला बसवेश्वरांच्या कल्याणनगरीवरून ‘कल्याण कर्नाटक’ हे नाव मिळाले. मागासलेपणाची भरपाई संसदेने, मोजक्या प्रदेशासाठी, सरकारी सेवा व शिक्षण यांपुरती आणि भाषेची भिंत न घालता केली, म्हणून ही व्यवस्था न्याय्य म्हणता येते.

खाजगी उद्योगांबाबत मात्र दुसराच प्रवाह वाहत होता. १९८० च्या दशकात सरोजिनी महिषी समितीने कर्नाटकात पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड जाणणारा तो कन्नडिग, अशी व्याख्या करून उद्योगांत त्याला प्राधान्य देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना दक्षिण भारतीयांविरुद्धच्या असंतोषातून झाली, आणि पुढे तेथील सरकारने सवलती घेणाऱ्या उद्योगांवर ऐंशी टक्के स्थानिकांची अट घातली; त्यातही स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. हरियाणाने तीस हजार रुपयांपर्यंत पगाराच्या खाजगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्के आरक्षण आणले, ते नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने व्यवस्थापकीय पदांत पन्नास आणि इतर पदांत सत्तर टक्के स्थानिकांचे विधेयक मंजूर केले. त्यात राज्यात जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कन्नड लिहिता-वाचता येण्याची कसोटी होती. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची संघटना नॅसकॉमने कंपन्या राज्य सोडतील असा इशारा देताच, मंजुरीनंतर दोनच दिवसांत, विधेयक थांबवण्यात आले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की निघून जाण्याची नुसती धमकी देऊन कंपनी एखादे धोरण थांबवू शकते, परंतु मजूर प्रत्यक्ष निघून गेला तरी त्याची दखल कोणी घेत नाही. दुसरी अशी की जनवाड्यासारख्या गावातील मराठी माध्यमात शिकलेला तरुण या दोन्ही राज्यांच्या व्याख्यांमधून निसटतो : बंगळुरूत त्याचे वास्तव्य चालते पण भाषा अडते, आणि पुण्यात त्याची भाषा चालते पण वास्तव्य अडते. महाराष्ट्राने ८६५ गावांना आरोग्य योजनेसारखे काही लाभ देऊ केले आहेत, परंतु हा भाग आपला आहे असे न्यायालयात सांगणाऱ्या राज्याच्या कारखान्यात त्या गावांच्या शेजारचा कामगार परका ठरत असेल, तर त्या दाव्यातील आत्मीयता अपुरी आहे असेच म्हणावे लागेल.

एका शतकाहून अधिक काळाचा हा इतिहास पाहता निर्णय स्पष्ट आहे. आपल्या माणसाला आपल्या भूमीत काम मिळावे ही अपेक्षा न्याय्य आहे, आणि मागास प्रदेशाला संरक्षण हवेच. पण ते शाळा, प्रशिक्षण, सिंचन आणि स्थानिक उद्योगातील चांगल्या मजुरीतून मिळते, कामगाराच्या वाटेवर नाका बसवून मिळत नाही. सवलत घेणाऱ्या कंपनीवर अटी घालाव्यात, कंत्राटी पद्धतीला आवर घालावा, मुकादमाच्या उचलीची सक्तीने नोंद करावी. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने रेशन कामगाराबरोबर चालू लागले, तसेच बांधकाम मंडळाची नोंदणी, आरोग्य विमा, मुलांची मातृभाषेतील शाळा आणि निवृत्तिवेतन हेही राज्याची हद्द ओलांडून त्याच्याबरोबर चालले पाहिजे. महाराष्ट्रातील मराठी वाचकांनी तर हा प्रश्न अधिकच मनावर घ्यावा, कारण आपल्या शहरांत पंधरा वर्षांचा दाखला मागताना आपण ज्याला दारातून परत पाठवतो, तो कित्येकदा सीमेपलीकडचा आपलाच माणूस असतो.